चोपत्याची दाढी कर्जतच्या आंब्यावर जगेल का?

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. पुण्याचे एक गृहस्थ मे महिन्यात उत्तराखंडात देवरियाताल ते तुंगनाथ असा ट्रेक करून आले. चोपत्याच्या आसपास जुन्या ओक वृक्षांच्या फांद्यांवरून हिरवट-करड्या दाढ्या लोंबत होत्या, काही तर हातभर लांब. सोबतचा गाइड म्हणाला, ‘ये जहाँ लटकती है, वहाँ की हवा एकदम शुद्ध है।’ पण ज्या फांद्यांवर दाढी दाट, त्यातल्या बऱ्याच वाळलेल्या दिसल्या, म्हणून हे बांडगुळासारखं झाड खाणारं काही आहे का, अशी त्यांना शंका आली. घरी फोटो दाखवल्यावर आईने विचारलं, हे आपलं मसाल्यातलं दगडफूल ना? आणि शेवटी त्यांच्या मनातला खरा प्रश्न: ऑक्टोबरात पुन्हा जायचं आहे, तेव्हा थोडी दाढी आणून कर्जतजवळच्या शेतावरच्या जुन्या आंब्यांना अडकवली तर जगेल का?

शेवटचं आधी सांगते, कारण तुमचा बेत त्यावर ठरणार आहे. जगणार नाही. कृपा करून आणू नका. तो सगळा भाग केदारनाथ अभयारण्याचा आहे आणि अभयारण्यातून पडलेली काडीसुद्धा उचलून आणायची नसते, हे एक कारण. पण कायदा बाजूला ठेवला तरी ती इथे का जगणार नाही, ते समजून घेण्यासारखं आहे. त्यातच तुमच्या बाकीच्या प्रश्नांचीही उत्तरं आहेत.

मी तीसेक वर्षं शैवाकांवर काम करते आहे. शैवाक म्हणजे लायकेन. त्याला कोणी धोंडफूल म्हणतं, कोणी दगडफूल. तुम्ही पाहिलेली दाढी उस्निया या गटातली. उस्निया हे नाव अरबी ‘उश्ना’वरून आलं, आणि युनानी वैद्यकात शैवाकाला आजही उश्ना म्हणतात. चोपत्याच्या झाडांवर उस्नियाच्या अनेक जाती एकत्र वाढतात. काही बोटभर झुपक्यासारख्या, काही लोंबणाऱ्या. फोटोवरून जात सांगायची मला सवय नाही. पण हातभर लांब, जवळजवळ न फाटलेला एकच दोरा आणि त्याला दोन्ही बाजूंनी माशाच्या काट्यांसारखे आडवे बारीक तंतू, असं चित्र तुमच्या तिसऱ्या फोटोत स्पष्ट आहे. ती उस्निया लाँगिसिमा. स्वीडनच्या एरिक अकेरियस यांनी १८१० साली तिला हे नाव दिलं. लाँगिसिमा म्हणजे सर्वांत लांब. नाव सार्थ आहे, कारण तिचे दोरे तीन मीटरपर्यंत वाढलेले नोंदले गेले आहेत. आता तिला डॉलिकोउस्निया अशा वेगळ्या प्रजातीत घालतात, पण आम्ही जुनी माणसं बोलताना उस्नियाच म्हणतो.

उस्निया ओळखायची एक साधी खूण आहे. महाबळेश्वरला पावसानंतर रस्त्यावर पडलेला झुपका मिळाला तर करून बघा. एक जाडसर दोरा ओला असताना दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा आणि अगदी हळू ताणायचा. बाहेरची हिरवट साल ठिकठिकाणी तडकते आणि मण्यांसारखे तुकडे सुटे दिसू लागतात. त्या तुकड्यांच्या मधून एक पांढरा, रबरासारखा चिवट दोरा दिसतो. सोडलं की तो परत आखडतो. झाडावर लोंबणारं दुसरं कुठलंही शैवाक असं वागत नाही. उस्निया लाँगिसिमात मुख्य दोऱ्यावरची साल बहुतेक गळून गेलेली असते, म्हणून मणी दिसत नाहीत. पण त्याच्या मधल्या दोऱ्यावर आयोडिनचा थेंब टाकला की तो निळा होतो. माझ्या पहिल्या हिमालयवारीत चहाच्या टपरीवरच्या बाकावर बसून मी हा निळा रंग पाहिला होता. तेव्हा अंगावर आलेला काटा अजून आठवतो.

आता हे आहे काय? बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार. शरीर बुरशीचं, आणि त्या शरीराच्या सालीखाली ट्रेबॉक्सिया नावाच्या हिरव्या शैवलाच्या पेशी वस्तीला. शैवल उन्हात साखर बनवतं, बुरशी तिच्यावर जगते आणि बदल्यात निवारा आणि ओल देते. स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ साली हे मांडलं, तेव्हा त्या काळच्या बड्या बड्या शैवाकतज्ज्ञांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. २०१६ मध्ये या संसारात तिसराही सापडला. अमेरिकेत मोंटानाच्या जंगलांतल्या ब्रायोरिया नावाच्या लोंबणाऱ्या शैवाकाच्या सालीत यीस्टसारखी आणखी एक बुरशी असते, हे टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. एकच जीव समजून ज्याला आपण नाव दिलं, तो दीडशे वर्षं निरखूनही पुरता कळलेला नव्हता.

या संसारात झाडाचं काम काय? फक्त खुंटी. कोकणातल्या आंब्यावरचं बांडगूळ तुम्ही पाहिलं असेल. ते फांदीत मुळ्या खुपसून झाडाच्या नळ्यांतून पाणी ओढतं आणि ती फांदी खरोखरच मरते. उस्नियाला अशा मुळ्या नाहीत. बुडाशी एक छोटी चकती असते, ती सालीला चिकटते आणि पुढे जात नाही. उस्निया लाँगिसिमाला तर बऱ्याचदा तीही नसते. दोरीवर वाळत घातलेल्या सुतासारखी ती फांदीवर नुसती टाकलेली असते.

मग वाळलेल्या फांद्यांवर ती जास्त का दिसते? फांदी वाळली, पानं गळली की तिथे ऊन पोहोचतं, हवा खेळते, सालही खरखरीत होते. दाढीला हेच हवं असतं. म्हणजे आधी फांदी वाळते आणि मग दाढी वाढते. याच्या उलट, शैवाकामुळे झाड वाळतं, हा बागायतदारांचा गैरसमज मी अनेक ठिकाणी ऐकला आहे. सुपारीच्या खोडावर पांढरे चट्टे दिसले की रोग समजून लोक ते चुन्याने घासून काढतात. तेही शैवाकच, आणि त्यापासून सुपारीला काडीचाही धोका नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. झाडाकडून काही मिळत नाही, जमिनीशी संबंध नाही, मग ही पाणी पिते कुठून? हवेतून. तिला ना मूळ आहे, ना पानावर असतं तसं मेणाचं आवरण, ना उघडझाप करणारी रंध्रं. हवेत ओल असली की ती ओली होते, हवा कोरडी झाली की ती वाळते. वाळली की कुरकुरीत होऊन झोपी जाते, ओली झाली की काही मिनिटांत जागी होऊन प्रकाशसंश्लेषण सुरू करते. हिरवं शैवल असलेल्या शैवाकांना तर पाऊसही लागत नाही, नुसत्या दमट हवेवरही ती काम सुरू करतात. दाढीचा आकार याचसाठी आहे. धुकं वाहत येतं तेव्हा रुंद पानाच्या कडेने हवा वळसा घेते आणि तिच्याबरोबर बारीक थेंबही निसटतात. बारीक तंतूला मात्र ते थेट येऊन आपटतात. सकाळी कोळ्याचं जाळं दवाने भरलेलं दिसतं आणि शेजारचं पान त्या मानाने कोरडं असतं, ते असंच. दाढी म्हणजे झाडाला टांगलेलं धुक्याचं जाळं.

मग कर्जतला पावसाळ्यात ओल काय कमी असते, असं तुम्ही म्हणाल. मीही असंच म्हणत होते. संशोधन सुरू केलं त्या काळात मी हिमालयातून परवानगीने आणलेल्या नमुन्यांतला एक जिवंत झुपका पुण्यात आमच्या अंगणातल्या चिकूच्या झाडाला बांधला होता. थंडीभर तो बरा दिसला. मार्चमध्ये सुकून थिजला, ते अपेक्षितच होतं. पावसाळ्यात पुन्हा तरारेल या आशेवर मी रोज सकाळी भिंगातून बघायची. जूनमध्ये पाऊस आला, तो ओला झाला, हिरवटही दिसला. ऑगस्टपर्यंत त्याचे तंतू फिकट आणि तपकिरी झाले, आणि गणपतीत हात लावला तर बोटांना नुसता चुरा लागला. जो उन्हाळ्यात मेला नाही तो भर पावसात मेला. हे कोडं मला पुष्कळ दिवस सुटलं नाही.

उत्तर रात्रीच्या उकाड्यात आहे. शैवाक ओलं असलं की जागं असतं, आणि जागं असलं की श्वसन चालू असतं. दिवसा उजेडात ते साखर कमावतं, रात्री अंधारात नुसतं खर्च करतं. रात्र थंड असेल तर खर्च थोडा. रात्र गरम आणि ओली असेल तर खर्च भरमसाट. सकाळी ऊन चढलं की ते तासाभरात वाळून झोपतं, म्हणजे कमाईची वेळच आखूड. आणि मळभ असेल तर उजेडच पुरत नाही. जर्मनीच्या ओटो लांगे यांनी सहकाऱ्यांबरोबर पनामाच्या जंगलातल्या शैवाकांचा हा जमाखर्च तासातासाने मोजला, तेव्हा दिवसाच्या कमाईचा मोठा हिस्सा रात्रीच्या श्वसनात जातो असं दिसलं. उष्ण प्रदेशांतल्या सखल जंगलांत मोठी, लोंबणारी शैवाकं इतकी कमी का, याचं बरंचसं कारण यात आहे. कर्जतला जुलैत रात्री पारा चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली फारसा उतरत नाही आणि हवा आठवडेच्या आठवडे ओली. चोपत्याला त्याच रात्री दोन पांघरुणं घेऊन झोपावं लागतं. दाढी कर्जतला तहानेने नाही मरणार, उपाशी मरेल. अंगावर पाणी निथळत असताना उपाशी.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर हिमालयात जायलाही नको. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जा. चाळीसेक किलोमीटरचा रस्ता आहे, तो दिवसभराचा करा. पोलादपूरला झाडांच्या खोडांकडे बघितलं तर खोडाला रंग फासल्यासारखे सपाट पांढरे, राखाडी, फिके हिरवे डाग दिसतील. चिकटून बसलेली ही शैवाकं. घाट चढताना हळूहळू कडा सुटलेली, पानासारखी शैवाकं दिसू लागतात. आणि वर पठारावर, जिथे जांभूळ, पिसा, हिरडा वाऱ्याने खुजे झालेले आहेत आणि पावसाळाभर ढग जमिनीवरून सरपटत जातात, तिथे फांद्यांवर उस्नियाचे झुपके. चोपत्यासारखे हातभर नाहीत, बोटभर, फार तर वीतभर. पाऊस खालीही आहे, वरही आहे. फरक रात्रीच्या गारव्याचा आणि धुक्याचा. सह्याद्रीची स्वतःची अशी एक उस्निया आहे, तिच्या नावातच घाट आहे: उस्निया घाटेन्सिस. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ती प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयोग झाले आणि २००५ च्या सुमारास ते प्रसिद्धही झाले. सह्याद्रीतल्या शैवाकांचं जे काही आपल्याला माहीत आहे, त्याचा मोठा भाग याच संस्थेत डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. उर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केला. लखनौला प्रा. धरणी धर अवस्थी आणि पुण्याला ही मंडळी, या दोन घराण्यांतूनच आमची पिढी शिकली.

आता परत चोपत्याला जाऊ. गावाजवळच्या खालच्या उतारांवर बांज ओक आहे. त्याच्या खोडावर पानासारखी शैवाकं भरपूर, दाढ्या तुरळक. जसजसं वर जावं तसा खरसू ओक लागतो. साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे तोच राजा. मधूनमधून बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, आणि थुनेर हा सूचिपर्णी वृक्ष. खरसूची जुनी झाडं वाकडीतिकडी, खरखरीत सालीची, अंगावर मॉसचा जाड थर असलेली. दुपारी दरीतून ढग चढतात आणि या झाडांमधून गाळून जातात. दाट अंधाऱ्या भागात दाढी फारशी नसते, कारण उजेड नाही. उघड्या धारेवरही लांब दाढी नसते, कारण वारा ती तोडून नेतो. ती असते मधल्या जागी: ओढ्याच्या वरच्या अंगाला, एखादं जुनं झाड पडून पडलेल्या मोकळ्या खिंडाराच्या कडेला, फांद्यांच्या खालच्या आणि मधल्या मजल्यावर. पुढच्या वेळी गेलात तर चालताना फक्त हे एक बघा, दाढी कुठे आहे यापेक्षा कुठे नाही ते. जंगल वेगळंच दिसायला लागतं.

आणि झाडं जुनीच का लागतात? उस्निया लाँगिसिमा बीजाणूंची चकती क्वचितच धरते. ती पसरते तुकड्यांनी. वाऱ्याने, बर्फाने दोरा तुटतो, शेजारच्या फांदीत अडकतो आणि तिथे वाढू लागतो. युरोपात या तुकड्यांचा माग काढला, तेव्हा बहुतेक तुकडे मूळ झाडापासून काही मीटरांतच अडकतात असं दिसलं. म्हणजे या दाढीचं जंगलातलं चालणं म्हणजे एका झाडावरून शेजारच्या झाडावर, पिढ्यान्‌पिढ्या. मधली झाडं तोडली, दोन जंगलांमध्ये मोकळं रान झालं, की तिची वाटच तुटते. पुढे तिथे नवीन झाडं पन्नास वर्षांची झाली तरी त्यांच्यावर दाढी आपोआप येत नाही, कारण आणणारं कोणी उरलेलं नसतं. स्वीडनमध्ये तिला ‘लांबदाढी’ अशाच अर्थाचं नाव आहे. तिथल्या स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या जुन्या जंगलांची सरसकट तोड झाल्यावर ती भराभर कमी होत गेली आणि युरोपातल्या कित्येक भागांतून नाहीशीच झाली. म्हणून एखाद्या जंगलात लांब दाढी दिसली की मी समजते, इथे झाडांची साखळी फार दिवसांत तुटलेली नाही.

चोपत्याला ही साखळी कुठे ताणली जाते आहे, तेही सांगितलं पाहिजे. खरसूची पालवी गुरांना चारा म्हणून तोडतात आणि त्याची नवीन रोपं बऱ्याच ठिकाणी उगवून वर येत नाहीत. जुनी झाडं आहेत, म्हातारी झाडं आहेत, मधल्या वयाची कमी. मी यात गावच्या बायकांना दोष देत नाही. पाठीवर पाल्याचा भारा घेऊन जी बाई चार किलोमीटर चढते तिला माझं भिंग आणि कागदी पाकिटं काय सांगणार? एकदा अशाच एका दीदीने मला विचारलं, ‘झूला देख रही हो, दीदी? बेचना है?’ तिकडे दाढीसकट सगळ्या शैवाकांना झूला म्हणतात, आणि तो तिच्यासाठी हिवाळ्याच्या पैशांचा आधार होता. थंडीत कस्तुरीमृगालाही झाडावरून पडलेल्या याच दाढीचा आधार असतो. केदारनाथ अभयारण्य १९७२ साली स्थापन झालं त्यामागे हा प्राणी मुख्य होता. चीनमधल्या युन्नानचं नकटं माकड तर वर्षाचा बराच काळ लोंबणाऱ्या शैवाकांवरच काढतं.

इथे आईंच्या प्रश्नाला हात घालते. दाढी म्हणजे मसाल्यातलं दगडफूल नव्हे, पण दोघांचं गाव बरेचदा एकच असतं. आपल्या गोड्या मसाल्यात जे पडतं ते मुख्यतः पार्मोट्रेमा गटातलं पानासारखं शैवाक. आयुर्वेदातलं शैलेय तेच. बाजारात येणाऱ्या दगडफुलाचा मोठा भाग हिमालयातल्या ओकच्या जंगलांतून येतो. उत्तराखंडातला झूला रामनगर, टनकपूरच्या मंडईत उतरतो आणि तिथून देशभर जातो, काही मसाल्याला, काही कनौजच्या अत्तरवाल्यांकडे. एकदा दगडफुलाची पुडी वर्तमानपत्रावर ओता आणि निवडा. मी दर वर्षी मसाल्याच्या वेळी करते. वरून राखाडी, खालून काळीभोर, कडा मुरडलेली रुंद पानं, ती खरी. काहींच्या कडेला भिंगाखाली काळे केस दिसतात. अरुंद, फितीसारखे फाटे फुटलेले तुकडे निघतात, ते हायपोट्रॅकायना, तेही चालतं. आणि मग फिक्या हिरव्या दोऱ्यांची गुंतवळ निघते. ताणून बघा, आत पांढरा दोरा. ती उस्निया, वजनासाठी आत राहिलेली. ती काढून टाका, तिला मसाल्यात काम नाही. आणि प्रत्येक पुडीत एक गोष्ट हमखास सापडते: शैवाकाला चिकटलेले सालीचे तुकडे. नाव दगडफूल, पण आलेलं असतं झाडावरून. कच्चं असताना त्याला फारसा वास नसतो. कढत तेलात पडल्यावर पावसाने भिजलेल्या जंगलासारखा जो वास सुटतो, तो त्या खरसूच्या आणि बांजच्या खोडांवरचा आहे, हे मी मसाला भाजताना घरच्यांना दर वेळी सांगते.

उस्नियाचा काढा, अर्क, कॅप्सूल घेण्याबद्दलही लोक विचारतात, म्हणून दोन वाक्यं. तिच्या सालीत उस्निक आम्ल असतं, १८४४ पासून ते माहीत आहे. तो फिका पिवळा रंग त्याचाच. काही जिवाणूंना ते मारतं हे खरं. पण पोटात घेतल्यास ते यकृताला धोक्याचं ठरू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ साली उस्निक आम्लाचं संयुग असलेल्या, वजन कमी करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एका गोळीबद्दल जाहीर इशारा दिला होता, कारण ती घेणाऱ्यांची यकृतं बिघडली होती. जंगलातून आणून घरी काढा करू नका.

गाइडचं म्हणणं कितपत खरं? बरंचसं खरं. जिला रंध्रं नाहीत, आवरण नाही, जी हवेतूनच सगळं पिते, तिला हवेतलं विष गाळता येत नाही. गंधकाच्या धुराने शैवलाचं हरितद्रव्य बिघडतं. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत शैवाकं दिसतात, पण शहरात इतरत्र का दिसत नाहीत, हे विल्यम नायलँडर यांनी १८६६ साली हवेशी जोडलं. १९७० मध्ये ब्रिटनच्या हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी झाडांवरच्या शैवाकांवरून हवेतलं गंधक ओळखायची दहा पायऱ्यांची मोजपट्टी केली, तिच्या सर्वांत स्वच्छ टोकाला उस्निया आहेत. पुढे कोळशाचा धूर कमी झाला तशी लंडनमध्ये शैवाकं परतू लागली. पण गाइडच्या वाक्याची उलटी बाजू खरी धरू नका. दाढी दिसली तर तिथली हवा गंधकापासून बऱ्यापैकी मुक्त आहे. दाढी दिसली नाही तर मात्र कारण हवाच असेल असं नाही: रात्री गरम असतील, धुकं नसेल, किंवा झाडांची साखळी कधीच तुटली असेल. कर्जतची हवा वाईट आहे म्हणून तिथे दाढी नाही असं कोणी म्हणालं, तर ते चूक आहे.

आंब्याला काहीतरी लोंबणारं हवंच असेल तर नर्सरीत ‘स्पॅनिश मॉस’ मिळतं. अनेक जण त्यालाच ही दाढी समजतात. ते मॉसही नाही आणि शैवाकही नाही, अननसाच्या कुळातली फुलं येणारी वनस्पती आहे. टिलँडसिया उस्निऑइडिस, म्हणजे उस्नियासारखी दिसणारी. अमेरिकेच्या उष्ण, दमट भागातली आहे, कर्जतला जगेल.

पण त्याआधी माझं एक ऐका. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या आणि तुमच्या आंब्याच्या खोडाकडे जा. पावसानंतरची सकाळ असेल तर उत्तम, ओलं असताना रंग खुलतात. खोडाच्या सावलीच्या बाजूला पांढरट डाग दिसेल, त्यावर भिंग धरा. डागावर बारीक काळ्या रेघा असतील, वळणावळणाच्या, कुठे फाटे फुटलेल्या, कुठे एकमेकींना टेकलेल्या. माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्यांदा बघितल्यावर विचारलं होतं, मॅडम, हे मोडीत कोणी लिहिलंय का? त्या ग्राफिस गटातल्या शैवाकाच्या फळांच्या चिरा आहेत, बीजाणू त्यातूनच बाहेर पडतात. कर्जतच्या उकाड्यात, ओल्या गरम रात्रींत हा जीव टिकून आहे. तो सालीला चिकटून राहतो, पातळ राहतो, अगदी सावकाश वाढतो. तुमच्या जुन्या आंब्यांवर अशी लिपी निदान दोन-तीन प्रकारची तरी मिळेल. प्रत्येकीचा फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, आणि मला पाठवा.